कोपीला दार नव्हतं

सोलापूर स्टेशनवर मला आजवर तीन वेळा बाळंतपणाला बोलावलं गेलं आहे. पांढरी साडी, गळ्यात क्रूस आणि सगळे हाक मारणार ‘शिष्टर’. मग लोकांना वाटणारच की ही सिव्हिल हॉस्पिटलातली. एकदा तर जनरलच्या खिडकीतून एका म्हाताऱ्यानं हात बाहेर काढला.

“शिष्टर, जरा बीपी बघा की.”

“बाबा, मी नर्स नाही. नन आहे.”

“असू दे की. बघा तरी.”

मी मनगट धरलं, घड्याळाकडं पाहिलं आणि “ठीक आहे” म्हणाले. गाडी सुटली. बरा असावा. आणि त्या तिन्ही बाळंतपणांत माझी कामगिरी एवढीच, की ओरडून खऱ्या नर्सला बोलावलं आणि चादरीचा आडोसा धरून उभी राहिले.

माझं खरं काम वेगळं. घरातून पळालेली, हरवलेली, कुणी सोडून दिलेली पोरं फलाटावर शोधायची आणि त्यांची घरं शोधायची. फलाट एकवर एक टेबल, दोन खुर्च्या, आणि त्यातली एक मोडकी. जवळजवळ वीस वर्षं मी त्या मोडक्या खुर्चीवर बसले, कारण चांगली खुर्ची पद्मानं पहिल्या दिवशीच घेतली होती. पद्मा माझी सहकारी. सोलापूरच्याच पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरातली, चार भाषा बोलणारी, आणि चारही भाषांत मला बोलणारी.

माझं माहेर नगर जिल्ह्यात. भावाची पोरं मला ‘ष्टेशनआत्या’ म्हणतात. नाताळला घरी गेले की जेवणं झाल्यावर सगळी भोवती बसतात आणि मी गोष्टी सांगते. थोडं तिखटमीठ लावते, नाही असं नाही. मागच्या वेळेपेक्षा पुढच्या वेळी गाडीला दोन डबे जास्त असतात. पण एक गोष्ट मी त्यांना कायम अर्धीच सांगत आले. पोरगी सापडली, आई सापडली, टाळ्या. यंदा पुतणीनं “आत्या, दिवाळी अंकासाठी लिही” म्हणून धोशा लावला, तेव्हा ठरवलं, ती पुरी लिहायची. तोंडानं सांगवत नाही ते कागदावर जमतं का बघू.

आधी धंद्याची दोन गुपितं सांगते. फलाटावर एकटं पोर कसं ओळखायचं? कपड्यांवरून नाही. गाडी आली की फलाटावरचा प्रत्येक माणूस काहीतरी करतो. कुणी उठतो, कुणी पिशवी उचलतो, कुणी निदान मान वळवतो. एकटं पोर काहीच करत नाही. त्याला कुठली गाडी धरायची नसते आणि त्याचं कुणी उतरणार नसतं. ते तसंच बसून राहतं. मी गाडीकडं बघायचेच नाही, न हललेलं कोण आहे ते बघायचे.

यातही फजिती होतेच. सुरुवातीच्या दिवसांत चार वर्षांचा एक मुलगा ट्रंकेशेजारी असाच बसलेला दिसला. मी जवळ जाऊन गोड बोलू लागले, तसा त्यानं भोकाड पसरलं, आणि अक्कलकोटकडचं अख्खं वऱ्हाड मला घेराव घालून उभं राहिलं. एक आजीबाई माझा पदर धरून “यारू नीवू? यारू?” म्हणजे तू कोण, तू कोण, असं दरडावून विचारत होत्या. मला पोरं पळवणारी समजून त्या पोलिसांत देणार होत्या. पद्मानं तीन भाषांत माफी मागितली. शेवटी आजीबाईंनी मला पिशवीतला बुंदीचा लाडू दिला आणि तो पुरता खाईपर्यंत माझ्यावर नजर ठेवली.

पोर सापडलं की आधी रेल्वे पोलिसांत नोंद, मग डॉक्टर, मग चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं उभं करायचं. पोरानं कुठं राहायचं, घरी कधी पाठवायचं, हे ती समिती ठरवते. आणि हे सगळं करायला पोराचं नाव-गाव लागतं. तेच पोरं खरं सांगत नाहीत. करमाळ्याकडचा एक तेरा वर्षांचा पठ्ठ्या होता. आई गेली, बाप गेला, बहीण तापानं गेली, असं त्यानं इतकं बेतशीर सांगितलं की पद्मा दोनदा बाहेर जाऊन डोळे पुसून आली. दोन दिवसांनी एक धोतरवाला गृहस्थ धापा टाकत आला. पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, “शिष्टर, हे माझे वारलेले वडील.”

तेव्हापासून मी नाव-गाव विचारणंच सोडलं. मी विचारायचे, “तुझ्या घराच्या दारात उभं राहिलं की काय दिसतं?” पोर नाव खोटं सांगतं, पण दारातून दिसणारं झाड खोटं सांगत नाही. वडाखाली दूध डेअरी, डाव्या हाताला पाण्याची टाकी, समोर मशिदीचा हिरवा दरवाजा, एवढ्यावर मी गावं हुडकली आहेत. फलाटावर लोक मला सीआयडी म्हणायचे. मी “छे, छे” म्हणायचे आणि मनातून फुगायचे.

या फुगण्याचीच पुढची गोष्ट.

मार्च संपत आला होता. भर दुपारी रहीमचाचा, आमचे जुने हमाल, टेबलापाशी आले. “शिष्टर, पुण्याकडच्या पॅसेंजरसे एक छोकरी उतरी है. नळके पास बैठी है. रोती बी नै, बोलती बी नै.”

सहा-सात वर्षांची असावी. तेल न लागलेले केस, हातावर बारीक बारीक चरे, आणि छातीशी घट्ट धरलेली कापडाच्या दुकानाची पिशवी. आत मूठभर चिंचा. नाव सोनी. तिनं लगेच सांगितलं, लपवाछपवी काही नाही. मीही माझा हातखंडा प्रश्न टाकला.

“सोने, तुमच्या दारातून काय दिसतं गं?”

तिनं जरा विचार केला. “धुराडं. लई उंच. आन् गाड्या.”

“कसल्या गाड्या?”

“बैलाच्या. ट्याक्टर बी. समदा ऊस.”

“मग हा कुठला कारखाना?”

“कारखाना!” माझ्या अज्ञानाची तिला कीव आली.

“आणि तू गाडीत कुठनं बसलीस?”

“बाजारातनं. आतनं कशी असती ते बगाया चढले, तर चाललीच की.”

“कुठला बाजार?”

“बाजार!”

सोलापूर जिल्ह्यात नुसतं ‘कारखाना’ सांगणं म्हणजे चाटी गल्लीत जाऊन ‘कापडाचं दुकान कुठंय’ विचारण्यासारखं आहे. पण मी सीआयडी. मी पिशवी उलटी केली. दुकानाच्या नावाखाली पत्ता होता: श्रीपूर. श्रीपूरला कारखाना आहे, उंच धुराडं आहे, मी स्वतः ते पाहिलं होतं. झालं.

“शिष्टर, श्रीपुराला रेल्वे कुठंय?” पद्मानं विचारलं.

“कुर्डुवाडीच्या बाजाराला आली असेल आईबरोबर.”

“एवढ्या लांब? बाजाराला?”

“पद्मा, इतकी वर्षं मी काय माशा मारल्या?”

समितीच्या मॅडमनीही विचारलं, “खात्री आहे?” मी म्हणाले, “शंभर टक्के.” आणि गावाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं: श्रीपूर. त्यामुळं चौकशीचा निरोप श्रीपूरच्या बाजूला गेला. पोरगी खरी चढली होती जेऊरच्या बाजारातून, तिकडं निरोप गेलाच नाही.

आठवड्याभरात समितीचा आदेश निघाला आणि सोनीला घेऊन आम्ही जीपनं श्रीपूरला गेलो. मी, पद्मा आणि एक महिला पोलीस. कारखान्याचा हंगाम नुकताच संपला होता. ऊसतोड कामगारांचा तळ जिथं असतो त्या माळावर कुणी नव्हतं. काळ्या पडलेल्या चुलींचे दगड, वाळलेलं पाचट, एक फाटकी चप्पल. सोनी खाली उतरली, माळावर फिरून आली.

“हितं आमी व्हतो. आदीच्या साली.”

“आधीच्या साली? मग यंदा?”

“यंदा दुसऱ्या कारखान्यावर. ही पिशवी हितलीच हाय, जुनी.”

मी खाली बसलेच. “मग बाळ, तुझं घर कुठलं?”

“मोडलं की.” अगदी सहज. “पट्टा पडला की मोडत्यात. कोपी व्हती आमची.”

पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं, आणि कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाची खोप, दरवर्षी नव्या तळावर उभारायची आणि जाताना मोडायची.

“पण तू तर दारातून दिसतं म्हणून सांगितलंस…”

“आमच्या कोपीला दार नव्हतंच, शिष्टर. तुमी इचारलं, मंग सांगितलं.”

पद्मा सोनीचा हात धरून जीपकडं चालू लागली. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

परत आल्यावर मी कागद दुरुस्त केले, उरलेल्या सगळ्या कारखान्यांच्या बाजूला निरोप धाडले. पण तोवर टोळ्या ट्रॅक्टरमधून आपापल्या गावी निघून गेल्या होत्या. गाव कुठलं? “लांब. डोंगराला. मारुतीचं देऊळ हाय.” मुकादमाचं नाव? “मुकादम.” तिच्या आईबापांनी जेऊरचा बाजार पालथा घातला होता, विहिरी बघितल्या होत्या, तक्रारही दिली होती, पण ती जन्मदाखल्यावरच्या नावानं, आणि फोटो त्यांच्याकडं नव्हता. आमच्या कागदावर ‘सोनी, अंदाजे सात, श्रीपूर’. दोन्ही कागद एकमेकांना भेटलेच नाहीत. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की आता दसऱ्याशिवाय टोळ्या परतणार नाहीत.

सोनी आमच्या बालगृहात राहिली. रोज सकाळी उठली की अंथरुणाची वळकटी बांधून दारापाशी ठेवायची. दुपारी मुकादम व्हायची. बाकीच्या पोरींना रांगेत उभं करून “ए, हात उचला, ग्वाड बोलून काम हुईत न्हाय” म्हणायची. एकदा माझ्याकडं आणि पद्माकडं बघून तिनं विचारलं, “तुमी दोगी एक कोयता का?” ऊसतोडीत जोडीनं काम करणाऱ्या दोघांना मिळून एक कोयता म्हणतात, बहुतेक नवरा-बायकोला. पद्मा म्हणाली, “व्हय बाई. मी तोडते, ह्या मोळी बांधतात. सुटते ती.”

मी तिचे केस विंचरायला लागले. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या, म्हणून सुरुवात. उवा गेल्या तरी काम चालूच राहिलं. माझे स्वतःचे केस तीस वर्षं पदराखाली, वेणीचा सराव कुठला? माझी पहिली वेणी बघून पद्मानं विचारलं, “शिष्टर, हे दावं वळलंय का?” हळूहळू जमलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, मागून बघितलं तर एक जरा वर. सोनी समोर मांडी घालून बसायची आणि मला ऊस कसा तोडतात ते शिकवायची. बुडापासनं हाणायचा, शिष्टर, वर ठिवायचा न्हाय. मी “बरं” म्हणायचे. रोजची ती पंधरा मिनिटं. नन होताना माणूस काय काय सोडतं याची आमच्याकडं एक यादी असते, आणि मी ती मनापासून मान्य केलेली होती. त्या यादीत ही पंधरा मिनिटं कुठं लिहिलेली नव्हती.

रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत मी म्हणायचे, देवा, हिची आई सापडू दे. फक्त आमेन जरा हळू म्हणायचे.

दसरा झाला. एका सकाळी पद्मानं पेपर वाचता वाचता म्हटलं, कारखान्यांचे बॉयलर पेटले, टोळ्या उतरायला लागल्या. सोनी आतून धावत आली. “बॉयलर पेटला? मंग आई आली आसंल!” वळकटी आधीच बांधलेली होती.

आता एकच काम होतं. आदेश काढायचा, जीप सांगायची आणि तळ फिरायचे.

मी म्हणाले, “माझा गुडघा दुखतोय. दोन दिवस जाऊ दे.”

दुखत होता. खोटं नाही बोलले. दोन दिवसांचे चार झाले. मग जीप नव्हती. म्हणजे मी सांगितलीच नव्हती. मग म्हटलं, टोळ्या नीट स्थिरस्थावर होऊ देत. रोज सकाळी दोन वेण्या घालत होते आणि आता दोन्ही सारख्या येत होत्या. एका संध्याकाळी मी सोनीला सिद्धेश्वराच्या तळ्यावर घेऊन गेले, भेळ घेतली, पुरी चक्कर मारली. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसल्यावर पद्मानं पेन खाली ठेवलं.

“शिष्टर, गुडघा दुखतोय ना?”

“हो गं.”

“मग तळ्याला चक्कर कशी मारली?”

मी नोंदवही उघडली.

“गुडघ्याचं मला सांगू नका. पोरीचं सांगा.”

मी उठले आणि समितीच्या मॅडमना फोन लावला. तो आठवा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. करमाळ्याच्या बाजूचे तळ एकेक करत दुपारी जेऊरजवळ पोचलो. माळावर हिरव्या-पिवळ्या पाचटाच्या नव्या कोप्यांची ओळ. पुरुष-बायका फडात गेलेले, तळावर शुकशुकाट. शेवटच्या कोपीपुढं एक बाई भांडी घासत बसली होती. तिनं मान वर केली. जीपकडं बघितलं, जीपमधून उतरणाऱ्या पोरीकडं बघितलं, आणि उठायला गेली ती उठूच शकली नाही, तशीच राखेत बसून राहिली. सोनी पळाली नाही. चालत गेली, आईच्या अंगावर रेलली आणि कोपीकडं बोट करून म्हणाली, “हितं भोक हाय. पाणी गळंल.”

पुढचं रडणं मी लिहीत नाही. ते त्यांचं होतं.

मग ती बाई बोलायला लागली. “मुकादम म्हणला, यंदा दुसऱ्या कारखान्यावर जायाचं. आमी म्हणलं, न्हाय. आमाला हितंच. ह्याच जाग्यावर कोपी घालाया द्या. पोरगी आली तर कुटं हुडकंल? फडात बी एकच जातो, एकजण मागं ऱ्हातो. आज माजी पाळी.”

“तुम्ही कधी आलात इथं?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“आज नववा दिस, बाई.”

तिच्या बोलण्यात दोष देणं काही नव्हतं. तिला काय माहीत? ती बोलता बोलता पोरीला मांडीत घेऊन माझ्या वेण्या सोडत होती. रिबिनी काढून तिनं दातात धरल्या, सगळे केस मोकळे केले, बोटांनी विंचरले आणि मागं एक घट्ट गाठ मारली. तिच्या पद्धतीनं. काही वाईट हेतू नव्हता. आईचे हात आपोआप चालत होते. मी तिथंच उभी होते.

“आई, ह्या शिष्टर,” सोनी म्हणाली. “लई वाईट येणी घालत्यात.”

सगळे हसले. मीही.

आई-बापांची ओळख पटवणं, पंचनामा, समितीचा शेवटचा आदेश, सगळं रीतसर झालं. पोर घरी गेलं की आम्हाला एक नमुना भरून द्यावा लागतो. त्यात एक रकाना आहे: विलंब झाला असल्यास कारण. मी लिहिलं, ‘कार्यकर्तीची गुडघेदुखी.’ खाली साक्षीदार म्हणून पद्मानं सही केली. तिनं आधी वाचलं, मग केली. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. पुतण्यांना मी हा भाग सांगत नाही तो यामुळं. नऊ दिवस ती बाई आणि तिचा नवरा आळीपाळीनं रस्त्याकडं बघत बसले होते, आणि मी तळ्यावर भेळ खात होते.

नंतर एकदा मुकादमाच्या मोबाइलवरून फोन आला. सोनीच होती. मी म्हटलं, “सोने, बोल गं!” ती म्हणाली, “पद्मीबाय हाय का?” पाच मिनिटं त्या दोघी बोलल्या. मी टेबलाच्या या बाजूला कागद नीट लावत बसले. पुढं तो नंबर बंद झाला. त्यांच्या जिल्ह्यात शाळेसाठी लिहिलं होतं, उत्तर एवढंच आलं की कुटुंब स्थलांतरित.

आता स्टेशनचं टेबल एका तरुण सिस्टरकडं आहे आणि मी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात. माझी आमटी खाऊन सगळ्या जणी म्हणतात, तुम्ही स्टेशनवरच बऱ्या होतात. मागच्या हिवाळ्यात भावाकडं निघाले होते. गाडी जेऊरला थांबली आणि मी उतरले. ठरवलं वगैरे काही नव्हतं, पिशवी घेतली आणि उतरले. रिक्षानं तळावर गेले. तीच जागा, ओळीनं कोप्या. माणसं दुसरी. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले. आत्ता ती सतरा-अठराची असेल, दिसली तरी मला ओळखता येईल का, हेही मला माहीत नव्हतं.

एक बाई चुलीपुढून उठून आली. “कुनाला हुडकताय, बाई?”

“सोनी म्हणून होती एक. बरीच वर्षं झाली.”

“न्हाय. आमच्या टोळीत न्हाय कुणी सोनी.” तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “कोन लागती तुमची?”

पाहुणे, नातलग, सासर, माहेर, सगळी नाती मी मनात एकदा फिरून आले.

“कुणी नाही,” मी म्हणाले.

“आसं कसं? कुणी न्हाय तर एवढ्या लांब कोन येतंय?” तिनं पोतं झटकून चुलीपाशी टाकलं. “बसा. च्या टाकते.”

मी बसले. तिचं धाकटं पोर येऊन माझ्या गुडघ्याला टेकून उभं राहिलं, आणि चहा उकळेपर्यंत मी जराही हलले नाही.